गोडाऊनची भिंत आणि आमच्या गवऱ्या

बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहितो. चौथीत शाळा सोडली. चुकलं तर चुकलं.

सत्तरच्या दशकात भंडाऱ्यात आमच्या दारासमोर धानाच्या व्यापाऱ्याचं गोडाऊन होतं. तो कुलूप लावून नागपूरला गेला तो गेलाच. आधी कोणीतरी तिथं फुटका माठ टाकला. मग त्याच्या सोबतीला खरकट्या पत्रावळी आल्या. मग चांगल्या घरची माणसं भिंतीकडं तोंड करून उभी राहू लागली. निवडणुकीवाल्यांनी गेरूनं लिहिलं, टवाळांनी कोळशानं. माझंही चित्र होतं. पोट मोठं, पाय काड्या. खोटं कशाला बोलू, जमलं होतं.

दिवाळीनंतर आमच्याकडं मंडईची जत्रा भरते. पाहुणे येतात, नाटकं पाहतात, खोड्या काढतात. आदल्या वर्षी बायकोच्या भावजयीनं नाकाला पदर लावून साऱ्या बायांसमोर विचारलं, "बाई, तुमचं घर उकिरड्यात हाय का उकिरडा घरात?" बायको जेवली नाही.

"यंदा वैनी हसली तं मी माहेरी पाय ठेवणार नाही," म्हणाली.

तिनं घाण उचलली, भिंत पांढऱ्या मातीनं सारवली. टवाळांना नवी पाटीच मिळाली. माझं पोट अजून वाढलं. मग तिनं ठरवलं, भिंतभर गवऱ्या थापायच्या. शेणावर कोळसा चालत नाही. पण घरी गाय नव्हती.

"म्हंजे मी टोपलं घेऊन मोकाट गाईमागं फिरू?"

"मंग काय गाय तुमच्या मागं फिरन?"

फिरलो. शेजारणीही थापायला लागल्या. कोणी भिंतीशी उभा राहिला की ओरडायच्या, "ओ भाऊ, आमच्या चुलीचं हाय ते! आपल्या चुलीत मुता!"

मंडईला भावजय आली. पदर नाकाकडं निघाला, अर्ध्यातच थांबला. ती भिंत पाहत चालली. मागं बायको, तोंड सुकलेलं. शेवटी भावजयीनं एका गवरीवर बोट ठेवलं.

"हे कोणाची वो बाई? रेड्यानं पाय देल्यासारखी दिसून राहिली."

"तुमच्या भाऊजीनं थापली."

दोघींनी माझ्याकडं पाहिलं आणि पदर तोंडात कोंबून खालीच बसल्या.

"यात हसण्यासारखं काय हाय?" मी म्हटलं. त्यावर अजून हसल्या.

बायकोनं वहिनीला हाताला धरून घरात नेलं आणि मला चहा ठेवायला सांगितला. ठेवला. पाणी जास्त झालं. बायको तरी दोन कप प्याली.