आठ दिवसांचं लोखंड

"हात कवा गेला?" असं तो विचारायचा, आणि विचारताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघायचा.

चंद्रपुरात आमचं शस्त्रांचं दुकान आहे. परवानेवाल्यांना बंदुका आणि काडतुसं विकायची, शेतकऱ्यांच्या रानडुकरं हाकलायच्या, नळीत दारू ठासायच्या भरमार बंदुका दुरुस्त करायच्या, निवडणूक आली की लोकांची हत्यारं जमा करून ठेवायची, असा आमचा धंदा. वडिलांच्या मागे माझ्याकडे दुकान आलं आणि दुकानाबरोबर हा मिस्त्री आला. दुकान मला हवं होतं. मिस्त्री नको होता.

तो माजरीहून रोज आगगाडीनं यायचा. आधी कोळसा खाणीत फिटर होता. अंगानं वाळका, बोलायला तुसडा, डबा भिंतीकडे तोंड करून खाणारा. मालक मी, पण दुकानात शिरताना मलाच परवानगी घ्यावी लागतेय असं वाटायचं. त्याला काढून टाकायचं मी दर दिवाळीला ठरवायचो. पण गंजलेल्या भरमारीला हात लावणारा त्याच्यासारखा दुसरा माणूस जिल्ह्यात नव्हता, आणि हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं.

शेतकऱ्यांशी तो बरा वागायचा. पण नवा कोरा परवाना घेऊन कुणी आला आणि "स्वसंरक्षणासाठी पहिल्यांदाच घेतोय, चांगलं रिव्हॉल्व्हर दाखवा" म्हणाला, की हा उठायचा आणि खणातून कॅनव्हासची एक थैली काढून काउंटरवर दाणकन आपटायचा. थैलीत लोखंडाचा तुकडा. खाणीतल्या ट्रॉलीचा जुना रूळ कापून, कानशीनं घासून गुळगुळीत केलेला. वजन भरलेल्या रिव्हॉल्व्हरइतकं.

"आठ दिवस हे कमरेले बांधून फिरा. न्हातानी कुठी ठेवता, झोपतानी कुठी ठेवता, ध्यानात ठेवा. मंग या."

आठ दिवसांनी माणूस आला की एकच प्रश्न. रागाच्या भरात कमरेवर हात कवा गेला?

तुम्हीच सांगा, असं दुकान चालतं का? गडचिरोलीकडचा एक तेंदूपत्त्याचा ठेकेदार आला होता. चार बोटांत अंगठ्या. तिसऱ्याच दिवशी थैली परत आणून माझ्यासमोर टाकली. म्हणाला, "मले हत्यार पाह्यजे, वजनकाटा नाई." आणि सरळ नागपूरला जाऊन घेऊन आला. मी मिस्त्रीवर इतका ओरडलो की शेजारच्या चहावाल्यानं डोकावून पाहिलं. मिस्त्री कानशीला तेल लावत बसला होता. "त्याचा हात त्याच्या ताब्यात नाई," एवढंच बोलला.

जिवतीच्या एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. आडबाजूच्या सरकारी क्वार्टरमध्ये आईला घेऊन राहायच्या. दारू पिऊन कुणीकुणी दार वाजवायचं. त्यांनी आठही दिवस थैली इमानानं बाळगली आणि खरं तेच सांगितलं. "आंघोळीला जाताना तांदळाच्या डब्यात ठेवत होते. पाचव्या दिवशी आईनं डबा उघडला आणि ती घाबरून खालीच बसली."

मिस्त्रीनं थैली खणात टाकली. मग म्हणाला, "बाई, तुमचं दार कायचं आहे?"

दार प्लायवूडचं होतं. पुढच्या रविवारी हा माणूस एसटीनं जिवतीच्या डोंगरावर गेला. सागाची फळी आणि आतून लोखंडी अडसर बसवून आला. येताना बाईंच्या आईनं दिलेली वालाची उसळ डब्यात घेऊन आला. माझं एक गिऱ्हाईक गेलं आणि ह्याला उसळ मिळाली. बाई मात्र दर उन्हाळ्यात त्याची चौकशी करायला दुकानात यायच्या, माझी नाही.

तो कुणालाच विकू द्यायचा नाही असंही नव्हतं. बल्लारपूरच्या एका पेट्रोल पंपवाल्यानं सांगितलं होतं, "चार वेळा भ्यावानं गेला. एक वेळा रागानं गेला, तवा थैली सोडून बायकोजवळ देली." त्याला मिस्त्रीनं स्वतः रिव्हॉल्व्हर निवडून दिलं. चकचकीत बाजूला सारून जड आणि ओबडधोबड निवडलं, तासभर त्याचा घोडा तपासला. "हात गेलाच नाई" म्हणणाऱ्यांना मात्र तो माल दाखवायचा नाही. त्यांना मी त्याच्या माघारी विकायचो. ते हत्यार पुढे दुरुस्तीला आलं, की हा हात लावायचा नाही.

ह्या वेडामागचं कारण मला वडिलांनी सांगितलं होतं. पूर्वी मिस्त्री फार हौसेनं हत्यार निवडून द्यायचा. एका लाकूडवाल्याला त्यानं असंच एक दिलं, "घ्या, हाताले बसते" म्हणून. महिन्याच्या आत, मुलीच्या साखरपुड्याच्या पंगतीत, मानपानावरून त्या माणसानं आपल्या साडूला गोळी घातली. साडू पत्रावळीवरच गेला. पोलीस दुकानात जबाब घ्यायला आले तेव्हा मिस्त्री पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, की हाताला बसतं असं मीच म्हणालो. त्यानंतर त्यानं तो रूळ कापला. मला हे सगळं माहीत होतं आणि तरीही मला त्याचा राग यायचा, हेही लिहून ठेवतो.

मग माझी पाळी आली. वडिलांनंतर धाकट्या भावानं दुकानाची अर्धी जागा मागितली. मी नाही म्हणालो. रस्त्यात गाठून तो "पाहून घेईन" म्हणाला. एका सकाळी माझ्या स्कूटरचा दिवा फुटलेला सापडला. भावाला मी चांगला ओळखतो, पण त्याच्याबरोबर फिरणाऱ्या पोरांना ओळखत नव्हतो. भीती वाटायची, खोटं कशाला सांगू? जन्मभर लोकांना हत्यारं विकली, स्वतःसाठी कधी घेतलं नव्हतं. खटपट करून परवाना काढला आणि कपाटातलं बत्तीस बोअरचं नवं रिव्हॉल्व्हर माझ्या नावावर काढायला सांगितलं.

मिस्त्रीनं काउंटरवर थैली आपटली.

"मिस्त्री, मी मालक आहे."

"म्हणूनच बांधा, शेठ."

मी त्याला नको नको ते बोललो. पण बांधली. जिद्दीनं बांधली, ह्या म्हाताऱ्याची एकदाची खोड मोडावी म्हणून. पाच दिवस काही झालं नाही. कंबर तेवढी सोलवटली.

सहाव्या दिवशी जागेची मोजणी होती. भूमी अभिलेखचा माणूस टेप लावत होता. भाऊ हातात फाइल धरून उभा. मी म्हणालो, भिंत इथे येणार नाही. तो म्हणाला, "बाबाले दवाखान्यात नेऊ नेऊ म्हणून तूनंच दोन दिवस काढले. तूनंच मारलं त्याले."

पुढचं मी ठरवून केलं नाही. शर्ट वर गेला, थैलीचा बंद सुटला, आणि माझा हात भावाच्या छातीसमोर होता. भावाच्या हातातली फाइल पडली. त्यानं दोन्ही कोपरं तोंडासमोर धरली आणि डोळे मिटले. लहानपणी बाबा पट्टा घेऊन उठले की तो असाच उभा राहायचा, आणि तेव्हा त्याच्या पुढे मी जायचो.

माझ्या हातात रुळाचा तुकडा होता. मोजणीवाला हसला. भाऊ हसला नाही. त्यानं डोळे उघडले, लोखंडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कागद गोळा केले आणि गेला.

आठव्या दिवशी मिस्त्रीनं विचारलं, "शेठ, हात कवा गेला?"

"गेलाच नाही," मी म्हणालो.

तो बराच वेळ माझ्या हाताकडे पाहत होता. मग "बरं" म्हणून उठला. कपाटातून रिव्हॉल्व्हर काढलं, पुसलं, घोडा तपासला, फडक्यावर माझ्यासमोर ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं. चपला घातल्या आणि भर दुपारी निघून गेला. मी जिंकलो असं मला वाटलं. त्या दिवशी मी रिव्हॉल्व्हर कमरेला लावून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही, आठवडाभर आला नाही. महिना झाला. दुरुस्तीच्या भरमारी कोपऱ्यात साचल्या, शेतकरी माझ्या नावानं शंख करू लागले. चांगलं झाडायचं म्हणून मी माजरी गाठली. मिस्त्री बाजेवर पडून होता. उजवी बाजू लुळी पडली होती. ज्या हातानं तो घोडा तपासायचा तो हात गोधडीवर नुसता ठेवलेला होता. भांडायला म्हणून जे जे पाठ करून आणलं होतं ते सोडून मी बाजेशी बसलो.

"मिस्त्री, सहाव्या दिवशी गेला. भावावर."

"मालूम आहे. मोजणीवाला आमच्याच गाडीनं येते." जीभ जड झाली होती, पण तुसडेपणा होता तसाच होता.

"मग मले देलं काऊन?" घाईत मीही त्याच्याच बोलीत बोललो.

"मले वाटलं, तुम्ही वापस ठेवसान. त्या दिवशी मी टेसनावर दोन गाड्या सोडल्या. म्हटलं, शेठ येईल सांगाले."

मी रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा करून टाकलं. त्याला ते सांगायला पुन्हा माजरीला जाणार होतो. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो, आणि हिवाळ्यात तो गेल्याचा निरोप आला.

त्याचा मला अजून राग येतो. इतकं माहीत होतं तर तोंडावर का नाही म्हणाला, "खोटं बोलून राह्यले, शेठ"? त्यानं तेवढं म्हणायला हवं होतं.

दुकानाच्या मधोमध आता भिंत आहे. पलीकडे भाऊ मोबाइलची कव्हरं विकतो. आम्ही बोलत नाही. थैली माझ्या खणात पडून असते. सकाळी पलीकडून त्याचं शटर खडखडत वर जातं, आणि माझा हात कमरेकडे जातो.