मागच्या भिंतीवरच्या रजया

"आप सबको शांति मिले," फादर मॅथ्यू माइकवर म्हणाले. पाठोपाठ मागच्या भिंतीतून "मिले, मिले, मिले" आलं. पहिल्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला घाम फुटला.

सरोजिनी नगरमधल्या कॅथलिक मंडळींचा हा हॉल म्हणजे आर्किटेक्ट म्हणून माझी पहिली स्वतंत्र साइट. रविवारी प्रार्थना, एरवी लग्नं आणि सभा. मध्ये एकही खांब नाही, म्हणजे वेदी कुठूनही दिसावी. मागची भिंत गोलाकार, गुळगुळीत. तिचा मला फार अभिमान. आणि पुढच्याच रविवारी बिशप उद्घाटनाला येणार होते.

ऑफिसात माझे बॉस, सक्सेना सर, यांना फोन केला.

"जनवरी में तो टेस्ट पास हुआ था?"

"हाँ सर. हॉल फुल था. एक-एक शब्द साफ़ था."

"संडे तक ठीक कीजिए. वरना अगली साइट पर मैं आपके साथ बैठूँगा."

आवाज टणक भिंतीवर आपटून रेंगाळतो, त्याला आम्ही रिव्हर्ब म्हणतो. मऊ वस्तू तो पिऊन टाकतात. त्यासाठीचे पॅनेल कारखान्यातून यायला तीन आठवडे लागणार होते. मी जानेवारीतले टेस्टचे फोटो उघडले आणि कपाळावर हात मारला. तीनशे माणसं, प्रत्येकाच्या अंगावर स्वेटर, त्यावर कोट, वर शाल. मी हॉलची नव्हे, लोकरीची टेस्ट घेतली होती. आता एप्रिलात सगळे सुती कपड्यांत.

फादरना खरं ते सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. भजनं बसवणाऱ्या मेरी आंटी शेजारीच होत्या.

"तो रजाइयाँ टाँग दीजिए. गर्मी में तो सबकी पेटी में ही पड़ी हैं."

शनिवारपर्यंत चाळीस रजया जमल्या. फुलाफुलांच्या, डांबरगोळ्यांच्या वासाच्या. आम्ही त्या मागच्या भिंतीभर टांगल्या आणि वरून पांढरं कापड ताणून बसवलं. रविवारी बिशप चाळीस मिनिटं बोलले. शेवटच्या रांगेत मला शब्द न् शब्द ऐकू आला. जाताना त्यांनी भिंतीच्या आधुनिक डिझाइनचं कौतुक केलं. फादर नुसते खोकले.

नोव्हेंबरात मेरी आंटींचा फोन आला. "मैडम, ठंड आ गई. सब अपनी रजाई माँग रहे हैं."

नाही कसं म्हणणार? रजया उतरल्या. त्या रविवारी मी धास्तावून शेवटच्या रांगेत बसले. आवाज स्वच्छ होता, कारण सगळे पुन्हा स्वेटरमध्ये. पॅनेल मागवायची वेळ कधी आलीच नाही. होळीनंतर रजया भिंतीवर येतात, दिवाळीनंतर घरी जातात. रिपोर्टमध्ये मी "सीझनल अकूस्टिक ट्रीटमेंट" असं लिहिलं. सरांनी काही न विचारता सही केली.

पुढची साइट मला एकटीलाच मिळाली. तिथली टेस्ट मी मे महिन्यात घेतली.