धुरक्याच्या वरचा दादा

आमचा दादा टॉवर क्रेन चालवतो. सकाळी शिडी चढून वरच्या केबिनमध्ये बसला की काम सुटेपर्यंत खाली उतरत नाही, म्हणून साइटवर त्याला सगळे घार म्हणतात. बोलायला अगदीच मुखदुर्बळ. त्याच्या वाटणीचं बोलणंही माझ्याच पदरात पडलंय असं आई म्हणायची, आणि ते काही खोटं नाही. मी खाली उभी राहून वॉकीटॉकीवर त्याला इशारे देते: वर, खाली, डावीकडे, थांब. आमचे हे जमिनीवर माल हुकात अडकवतात आणि उतरवून घेतात. म्हणजे वर भाऊ, खाली नवरा आणि मधे मी. घरातही तेच, पण ते जाऊ दे.

आमच्या कामात एक नियम असतो. ‘थांब’ कोणीही ओरडावं, अगदी झाडूवालीनेसुद्धा; क्रेनवाल्याने थांबायचंच. पण ‘खाली’ मात्र एकाच माणसाने म्हणायचं, इशारे देणाऱ्याने. दादा या बाबतीत भलता हट्टी. एकदा खुद्द मालक खालून घसा फोडून ओरडत होते आणि हा बाबा वर डबा उघडून शांतपणे जेवत होता.

धुरकं म्हणजे नेमकं काय, हे इंजिनिअर बाईंनी एकदा आम्हाला सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं. थंडीत रात्री जमीन गार पडते, तिला चिकटलेली हवाही गार आणि जड होते, आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. एरवी खालची गरम हवा धूर घेऊन वर निघून जाते. पण वरचीच हवा गरम असली की खालची वर सरकतच नाही. त्यात वारा पडलेला असला की मग संपलंच. गाड्यांचा, भट्ट्यांचा, कचरा जाळल्याचा धूर तिथल्या तिथे कोंडतो, त्या धुराच्या कणांवर हवेतला ओलावा बसतो, आणि साध्या धुक्याचं काळपट, घशाला झोंबणारं धुरकं होतं. आम्ही जांभया देत ऐकलं. दादा मात्र म्हणाला, “खरंय. मी रोज बघतो. चिमणीचा धूर सरळ वर येतो, एका उंचीला अडतो आणि आडवा पसरतो. वर मला लख्ख ऊन, आणि खाली तुम्ही सगळे झाकण लावलेल्या पातेल्यात.” उन्हाळ्याच्या दुपारी तपकिरी थर दिसतो तो वेगळा, म्हणे. गाड्यांच्या धुरावर कडक ऊन पडून होतो तो, डोळे चुरचुरतात तो. दादा एका दमात एवढं बोलला याचंच मला नवल वाटलं, म्हणून तर लक्षात राहिलं.

त्या सकाळीही धुरकं होतं, पण समोरचे खांब दिसत होते, म्हणून काम सुरू केलं. भिंतीचा तयार काँक्रीटचा तुकडा वर उचलायचा, फिरवायचा आणि खाली पसरलेल्या सिमेंट-वाळूच्या ओल्या मसाल्यावर अलगद बसवायचा. आमचे हे त्या जागेपाशी उभे. भिंत उतरायला लागली आणि बघता बघता धुरकं दाटलं. हे दिसेनासे झाले. मी ओरडले, “थांब!” दादा थांबला, मग सांगून-सवरून भिंत परत वर घेऊन गेला, त्याला स्वतःला दिसेल एवढ्या उंचीवर. आमच्या डोक्यावर कुठेतरी ती लटकत होती, पण आम्हाला काही दिसत नव्हतं.

मुकादमाचा जीव मसाल्यात अडकलेला. सुकला तर सगळा खरवडून काढायचा. तो म्हणाला, “जागेच्या कडेला जाळ करा. घारीला वरून खूण दिसेल, आणि उष्णतेने धुकंही उठेल.” कुणालाच यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही. ह्यांनी तेल प्यायलेल्या फळ्या आणि डांबरी कागद गोळा करून जाळ पेटवला.

थोड्याच वेळात वरून दादाचा आवाज आला, “जाळबीळ काही दिसत नाही. नुसता काळा डाग पसरतोय. धूर वर येतच नाहीये, विझवा तो.”

जाळ विझवा म्हणून मी ह्यांना हाक मारली. आधी खोकला ऐकू आला. ह्यांची छाती त्या थंडीभर घरघरत होती. दवाखान्यात चला म्हणून मी कानीकपाळी ओरडत होते, पण ऐकतील तर शपथ! मग खोकलाही थांबला.

“फळ्या आणायला गेला असेल,” मुकादम म्हणाला. “तिथं चिटपाखरूही नाही. खाली घे म्हण त्याला.”

“दिसल्याशिवाय नाही म्हणणार.”

“अगं, मसाला सुकला तर तुम्ही तिघंही उद्यापासून घरी! कळतंय का?”

आमच्या घराची चूल याच साइटवर चालायची. खरंच गेले असतील फळ्या आणायला, मला वाटलं. नेहमीचंच त्यांचं, सांगून म्हणून कुठे जायचे नाहीत. मी बटण दाबलं. ‘खाली’ म्हणायला तोंड उघडलं आणि तो डांबराचा धूर असा घशात गेला की शब्दाऐवजी खोकलाच बाहेर पडला. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“दाजी कुठेत?” वरून दादाने विचारलं.

त्या प्रश्नाने माझं डोकं ठिकाणावर आलं. “माहीत नाही,” मी म्हटलं. “तू हलू नकोस. मी आत जाते.” वॉकीटॉकी मुकादमाने हिसकावून घेतली. घेऊ दे म्हटलं, मेल्याला. ओढणी तोंडावर बांधली आणि हात पुढे करून चालायला लागले.

वर लटकलेल्या भिंतीखाली चालायचं नसतं, हे मी नव्या माणसांना रोज दटावून सांगते. आता मीच चालले होते, जीव मुठीत धरून. मागे मुकादम वॉकीटॉकीवर ओरडत होता. शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. कुठल्याही क्षणी डोक्यावर साखळी कुरकुरेल म्हणून कान टवकारलेले. पायाला फळी लागली, मग मसाल्याचा लगदा, मग काहीतरी मऊ.

हे होते. पालथे, ओल्या मसाल्यावर आडवे, बरोब्बर जिथे भिंत बसायची तिथे. जाळ विझवायला वाकले असणार आणि धुराने तिथेच कोसळले. मी त्यांच्या काखेत हात घालून ओढायला लागले. एरवी मला ते हलत नाहीत, त्या दिवशी कसे हलले कोण जाणे. ओढत होते, शिव्या देत होते आणि रडत होते, तिन्ही एकदमच. वर साखळी कुरकुरली नाही.

दवाखान्यात नळ्या लावल्यावर ह्यांचा श्वास ताळ्यावर आला. तोवर उन्हाने जमीन तापली होती, ते वरचं झाकण मोडलं होतं, आणि खिडकीबाहेर काही घडलंच नाही अशा थाटात निळं आभाळ होतं. दादा क्रेन सोडून आला आणि मसाल्याने माखलेल्या कपड्यांचा वास येत असलेल्या त्या खोलीच्या दारातच उभा राहिला.

“मुकादम काय सांगत होता तुला?” मी विचारलं.

“म्हणाला, तुझी बहीणच सांगतेय, खाली घे. खोकल्याने तिला बोलवत नाहीये.”

“अरे देवा! मग?”

“मग काय. म्हटलं, तिला स्वतःला बोलू दे.”

मला रडू आवरेना. त्याचा हात धरला. पण मनात आलेलं तोंडाबाहेर काढल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून विचारून बसले, “दादा, आत जायच्या आधी, मी बटण दाबलं होतं तेव्हा... मीच ‘खाली’ म्हटलं असतं तर?”

त्याने पलंगावर घरघरत झोपलेल्या ह्यांच्याकडे बघितलं.

“तू म्हटलं असतंस तर घेतली असती,” दादा म्हणाला. “तुझ्यावर भरवसा ठेवतो मी.”