वाळूवरची सारखी वाट

नदीची चाळलेली वाळू, दोन बैलगाड्या, अठरा रुपये. मोटारींचं जळकं तेल, तीन डबे, फुकट. जुनी गोणपाटं, सव्वा रुपया. गेल्या दुष्काळात एका सकाळी हे सगळं आमच्या अंगणात येऊन पडलं, आणि मागोमाग कुलथे सर आले. त्यांची माझी पहिली ओळख ती. आमचे हे कॉलेजात हेडक्लार्क, सर खेळांचे शिक्षक. कॉलेजात ठेवलं तर वाळू राहायची नाही, एवढं सांगून ते पत्नीच्या हातातली घागर घ्यायला नळाच्या रांगेकडे वळले. शेजारच्या गंगूमावशींनी मला विचारलं, "घाणा घालतेस का काय, बाई?"

तेव्हा नगरला कॉलेजच्या मुलांची गोल्फची सांघिक स्पर्धा व्हायची होती, परदेशचे संघ येणार होते. सरांनी त्यासाठी कित्येक वर्षं पत्रं लिहिली होती. गोट्यांच्या खेळात असते तशी गल, तिच्याभोवती मऊ हिरवळ लागते. हिरवळीला पाणी लागतं. स्पर्धेच्या समितीने रोज एक टँकर मैदानाला द्यायचं ठरवलं. सर म्हणाले, ज्या पाण्यासाठी बाया पहाटेपासून उभ्या राहतात ते मी गवताला पाजणार नाही. स्पर्धा गेली तर जाऊ दे. हिरवळीऐवजी तेलात कालवलेली वाळू थापायची त्यांची युक्ती होती. पाहुण्यांना आल्यावर सांगू, असं पुष्कळांनी सुचवलं. सरांनी आधीच लिहून कळवलं, की आमच्याकडे गवत नाही, वाळू आहे, यायचं तर या. मग वाट पाहणं आलं. त्या दिवसांत सर देवाला नमस्कार करतात तसा पोस्टमनला करीत. एका देशाचा नकार आला. सिलोनचा होकार आला, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

सामन्याच्या संध्याकाळी मीही माळावर जाऊन बसले. माझं माहेर नेवाशाचं. लहानपणी पहाटे प्रवरेच्या वाळूवर कुणाचं पाऊल उमटलेलं नसायचं, तशी ती काळसर वाळू दिसत होती. चेंडू गेला की मागे बारीक रेघ उरायची. सरांनी नियम केला होता, की आपली रेघ आपणच पुसायची आणि पुढच्या गड्याला, मग तो समोरच्या संघाचा का असेना, गोणपाट ओढून वाट सारखी करून द्यायची. पोरं पाठमोरी, हळूहळू गोणपाट ओढत जायची. ऊन इतकं पिवळं, इतकं आडवं झालं होतं, की सगळी माणसं पाण्यातल्यासारखी वाटत होती. मला तर आपण झोपेत आहोत की काय, असं झालं.

शेवटी दोन्ही संघ बरोबरीत आले. सिलोनच्या मुलाचा एकच टोला राहिला होता. चेंडू गलीत गेला की ते जिंकणार. वाट ओढायची पाळी आमच्या शंकरची, मिरजगावच्या शेतकऱ्याच्या मुलाची. एखादा खडा राहू दिला असता तरी कुणाला दिसलं नसतं. त्याने वाकून खडे वेचले आणि गलीपर्यंत गोणपाट सरळ ओढत नेलं. चेंडू त्या वाटेवरून आवाज न करता गेला आणि दिसेनासा झाला.

आम्ही हरलो. शंकर सरांपाशी येऊन म्हणाला, "सर, मीच त्याला वाट करून दिली. आता गावात काय सांगू?"

सरांनी त्याच्या हातातलं गोणपाट काढून घेतलं, झटकून घडी घातली. मग म्हणाले, "सांग, आमच्याकडे पाहुणा आपल्या हाताने जिंकला."

पुढच्या वर्षी माझ्या यजमानांना विषमज्वर झाला, तेव्हा रोज सकाळी औषध आणून देणारे हेच सर. अडचण सांगावी लागत नाही अशी माणसं थोडी असतात.

यंदा पाऊस बरा झाला आहे. सिलोनहून पत्र आलं आहे, पुन्हा यायचं म्हणतात, आणि गवत करू नका असंही लिहिलं आहे. पण आता साठी पूर्ण होऊन सर निवृत्त होत आहेत. निवृत्त माणसाने यात हात घालावा का, म्हणून ते अडले आहेत. जुनी मुलं हाताशी आली तर हो म्हणेन, एवढंच बोलले. परमेश्वराने सरांना उदंड, निरोगी आयुष्य द्यावं आणि माळ तुडवायला गुडघे धड ठेवावेत. जुन्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, येणार की नाही ते उलट टपाली कळवावं. सरांचं उत्तर तुमच्या उत्तरासाठी थांबलं आहे.