लेन्सवरची टिकली

‘‘बोलत राहा बे, थांबू नको.’’

दिवस मावळला की आमच्या भाऊंचं हे पालुपद सुरू व्हायचं. पार्किंगमधून घराच्या दारापर्यंत चालायचं असलं तरी सोबतच्या माणसानं बडबड करायची. विषय कुठलाही चालायचा. ऑफिसमधलं राजकारण, भेंडीचा भाव, सासूची गुडघेदुखी. आपण गप्प झालो की भाऊ जागच्या जागी उभे राहायचे आणि आकाशाकडे बघून म्हणायचे, ‘‘हवा मस्त आहे नाही?’’ बाहेर हाडं गोठवणारी थंडी असायची.

भाऊ मूळचे नागपूरचे. ओहायोतल्या डब्लिनमध्ये आमच्या घरापासून तिसरं घर त्यांचं. एका विमा कंपनीत डेटाचं काम करायचे. रविवारी सकाळी दार वाजवून ‘‘जयभीम, चहा टाक’’ म्हणत थेट स्वयंपाकघरात शिरणारा दुसरा माणूस मला अमेरिकेत भेटलेला नाही.

भाऊंना रात्री दिसत नसे. अगदी लहानपणापासून. डोळ्यांचा पडदा कडेकडेनं मिटत जाण्याचा आजार होता. हे आमच्या कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे भाऊंना कळू द्यायचं नाही, असा आम्हा सगळ्यांचा न बोलता झालेला ठराव होता. डिसेंबरात इथे चहाच्या वेळेलाच अंधार पडतो. कुणाकडे पॉटलक, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायची मेजवानी, असली की भाऊ उजेड असतानाच उठायचे. ‘‘गॅस चालू राहिला वाटतं घरी.’’ त्यांच्या घरी विजेची शेगडी होती. आम्ही सगळे गंभीर चेहरा करून म्हणायचो, ‘‘जा जा, भाऊ, लवकर जा.’’

मग वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांना वाढदिवसाला एक चांगला कॅमेरा घेऊन दिला आणि आमच्या कॉलनीची झोप उडाली. भाऊंना शोध लागला की कॅमेरा तिपाईवर ठेवून शटर बराच वेळ उघडं ठेवलं, तर आपल्याला जे रात्री दिसत नाही ते त्याच्या छोट्या पडद्यावर उजळून येतं. ते रोज रात्री खिडकीतून फोटो काढू लागले. कचऱ्याचे डबे, ते उचकणारे मांजराएवढे रॅकून, कुणाच्या अंगणातला विसरलेला झोपाळा. सकाळी पाहुण्यांना अल्बम दाखवावा तसे दाखवत बसायचे.

एका रविवारी त्यांनी माझ्यापुढे एक फोटो धरला. माझीच गाडी, माझाच ड्राइव्हवे, आणि आतला दिवा लावून जिलेबी खात बसलेला मी. डॉक्टरांनी माझी साखर बंद करून जेमतेम महिना झाला होता.

‘‘काय बे, एवढा वेळ शटर उघडं होतं, पण हललाच नाही तू. फोटो एकदम शार्प आलाय.’’

‘‘भाऊ, डिलीट करा ना.’’

‘‘करतो ना. कॅलिफोर्नियाला चल आमच्यासोबत. रात्री ज्वालामुखी चढायचा आहे.’’

ज्याला रात्री दिसत नाही तो माणूस रात्री ज्वालामुखी चढणार म्हणत होता. मी सरळ वहिनींना गाठलं. वहिनी पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता त्यांनी सांगितलं की डॉक्टर म्हणालेत, आता मधली नजरही जाईल. कधी ते सांगता येत नाही. ‘‘लहानपणी उन्हाळ्यात सगळी भावंडं गच्चीवर झोपायची. एकेक तारा दाखवायची. हे नुसतं ‘हो, दिसला’ म्हणायचे. आयुष्यात एक तारा पाहिलेला नाही त्यांनी. नजर आहे तोवर एकदा आकाशगंगा बघायची म्हणतात, कॅमेऱ्यात का होईना. आपल्या इथे दिव्यांमुळे ती येतच नाही फोटोत.’’ मग लाटणं थांबलं. ‘‘तुम्ही चला. आणि मी सांगितलं म्हणू नका.’’

जिलेबीचा फोटो नसता तरी मी गेलो असतो. पण ते मी भाऊंना सांगितलं नाही, कारण त्यांना धमकी द्यायला फार आवडत होतं.

कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला लासेनच्या जंगलात काळ्या राखेचा एक उंच ढीग आहे. कधीकाळी धुमसलेला, आता गार पडलेला ज्वालामुखी. वर झाड नाही, कठडा नाही. पायाखाली नुसती खडी. वर टाकलेलं पाऊल अर्धं परत खाली येतं. आम्ही चौघं होतो. भाऊ, वहिनी, मी आणि त्यांची लेक. ती तिकडेच सॅक्रॅमेंटोला राहते, जन्मानं अमेरिकन. ‘‘डॅड, धिस इज इन्सेन,’’ असं ती गाडीत दर वळणावर म्हणत होती आणि भाऊ दर वळणावर डबा पुढे करून ‘‘धपाटा खा, बेटा,’’ म्हणत होते.

चढायला लागल्यावर वहिनींनी युक्ती काढली. गाण्याच्या भेंड्या! मी पुढे, मग भाऊ, मागे मायलेकी. पुढचा माणूस गात राहिला की भाऊंना वाट आपोआप कळायची. माझा आवाज कसा आहे हे माझ्या घरचे सांगतील, पण त्या डोंगरावर माझ्या गाण्याला जितका लक्ष देऊन ऐकणारा श्रोता मिळाला तितका पुन्हा मिळणार नाही. मी एका ओळीत अडकलो तर भाऊ पाय उचललेला तसाच ठेवून ओरडायचे, ‘‘अरे, पुढचा शब्द टाक लवकर!’’

काठावर पोचलो तर तिथे आधीच एक उंच अमेरिकन फोटोग्राफर तिपाई लावून उभा होता. त्यानं अंधारातूनच सांगितलं, ‘‘फोक्स, लाइट्स ऑफ, प्लीज. अँड नो सिंगिंग.’’

त्याचंही खरं होतं. आमच्या बॅटऱ्यांनी त्याचा फोटो बिघडत होता. आणि आमच्या गाण्यानं बहुधा त्याचं डोकं. आम्ही दिवे घालवले, गप्प झालो. त्याच क्षणी माझ्या पाठीवरच्या सॅकचा पट्टा मागून घट्ट ओढला गेला. भाऊंनी धरला होता. इतक्या वर्षांत भाऊंनी कुणाचाच असा आधार घेतला नव्हता, आणि मला एकदम भीती वाटली. काठाच्या एका बाजूला ज्वालामुखीचं तोंड होतं आणि दुसऱ्या बाजूला आम्ही चढून आलो तो उतार.

पण तिपाई उघडल्यावर ते पुन्हा आपले भाऊ झाले. त्यांनी घरी तळघरात दिवे बंद करून महिनाभर सराव केला होता. एका हातानं पट्टा, दुसऱ्यानं सगळं काम. लेन्सच्या कड्यावर नेमक्या जागी त्यांनी वहिनींची टिकली चिकटवली होती. बोटाला टिकली लागली की समजायचं, फोकस दूरच्या ताऱ्यांवर आला. खट्, शटर उघडलं.

शेजारी तो अमेरिकन मघापासून फोकससाठी झटत होता. न राहवून त्यानं विचारलं, ‘‘हाउ आर यू डुइंग धिस विदाउट अ लाइट?’’

‘‘लाइट?’’ भाऊ ऐटीत म्हणाले, ‘‘आय नेव्हर नीड इट, माय फ्रेंड.’’

वहिनींना खोकल्याची उबळ आली. मग त्यांनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि त्या माणसाच्या लेन्सवरही एक लावून दिली. मरून रंगाची. त्यानंतर त्यानं गाण्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

शटर बंद झालं. पडद्यावर चित्र उमटलं. भाऊंनी कॅमेरा नाकापाशी धरला. त्यांना एका वेळी अगदी थोडंसंच दिसायचं, म्हणून ते पडदा हळूहळू सरकवत होते, दाण्यांतले खडे निवडावेत तसे. बराच वेळ गेला.

‘‘एवढे असतात?’’ ते म्हणाले.

‘‘हो, भाऊ.’’

‘‘म्हणजे ते सगळे खरंच सांगत होते रे. मला वाटायचं, माझ्यासारखे सगळेच नुसतं हो-हो करून राहिले.’’

लेकीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ‘‘ओह, बाबा,’’ म्हणाली. एरवी ती त्यांना डॅड म्हणते. मी रडलो. अंधार होता म्हणून बरं झालं.

उजाडायला लागल्यावर आम्ही उतरलो. अर्ध्या वाटेवर भाऊंनी माझा पट्टा सोडला आणि पुढे होऊन मलाच सांगू लागले, ‘‘टाच रोवून चाल. काय तुम्ही पुण्याचे लोक!’’

त्याला आता काही वर्षं झाली. भाऊ घर विकून लेकीजवळ राहायला गेले. आता त्यांना दिवसाही दिसत नाही. तो फोटो मोठा करून त्यांनी जायच्या आधी मला भेट दिला. तो आमच्या हॉलमध्ये आहे. तिसऱ्या घरात एक कोरियन कुटुंब आलंय. भले लोक आहेत, पण रविवारी दार वाजत नाही. मला त्याची अजून सवय झालेली नाही.

दर रविवारी भाऊंचा फोन मात्र येतो. मागच्या वेळी म्हणाले, ‘‘फोटोसमोर जाऊन उभा राहा बरं. डाव्या कोपऱ्यात खाली काय दिसतं?’’

त्यांना बरं वाटावं म्हणून मी सढळ हातानं सांगितलं, ‘‘तारेच तारे, भाऊ. नुसता सडा पडलाय.’’

‘‘खोटारड्या! तिथे एकही तारा नाही. तिथे तुझी कानटोपी आहे. गोंड्यासकट. मधेच उभा होता तू.’’ मग म्हणाले, ‘‘क्रॉप करणार होतो. पण म्हटलं, राहू दे.’’

मी फोन कानाला लावून भिंतीच्या अगदी जवळ गेलो. खरंच की! इतके दिवस मी त्याला डोंगराचं टोक समजत होतो.