एका दिवसाची रजा

सकाळी साडेआठला वीज उपकेंद्राच्या फाटकातून आत आली की मंगलताई आधी गळ्यातलं काढायची. मंगळसूत्र आणि हातातल्या बांगड्या रुमालात बांधून माझ्या टेबलाच्या वरच्या खणात ठेवायची आणि म्हणायची, "सांभाळ गं वैशाली, आमचा मालक हाय त्यात." मग पायात बूट, डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टा. विजेच्या खांबावर चढणाऱ्या माणसाच्या अंगावर धातू चालत नाही. तिच्या घरी मात्र हे कुणाला माहीत नव्हतं. नवरा दिवाळीनंतर ट्रॅक्टर घेऊन ऊसतोडीला कर्नाटकाकडं जायचा, तो उन्हाळा लागताना परतायचा. त्याच्या माघारी बायको रोज गळा मोकळा करते हे सासूला कळलं तर काय होईल, याची ती नक्कल करून दाखवायची आणि हसायची. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी त्या खणाला मी रोज न चुकता कुलूप लावायचे.

आमचं उपकेंद्र पाथर्डीच्या पूर्वेला, माळावर. मी तिथं ऑपरेटर. लाईन चालू-बंद करायची, नोंदी ठेवायच्या, हे माझं काम. मंगलताई तंत्रज्ञ. आसपासच्या गावांनी वायरमन पाहिले होते, बाई खांबावर चढलेली पाहिली नव्हती. नवीन असताना एका विहिरीवरचा फ्यूज गेला म्हणून ती गेली, तर शेतकरी म्हणाला, "बाई कशाला पाठवल्या? माणूस पाठवा की."

पट्टा आवळत ती म्हणाली, "माणूस रजेवर हाय दाजी. तवर बाईवर भागवा."

खाली उतरेपर्यंत मोटार सुरू झाली होती. पुढं त्या माणसानं ऑफिसला कधी फोन केला नाही, थेट हिलाच करायचा.

कामात ती फार काटेकोर होती. मी लाईन बंद करून परमिट द्यायचे. परमिट म्हणजे, वीज बंद आहे, आता तारेला हात लावायला हरकत नाही, अशी माझी लेखी हमी. पण ती हमी तिला पुरत नसे. जागेवर पोचली की आधी अर्थिंगचा रॉड तारेला लावायची, म्हणजे तारेत चुकून वीज असलीच तर ती जमिनीत उतरते. मी एकदा चिडवलं, "माझ्यावर विश्वास नाही का गं?"

"तुझ्यावर हाय, तारंवर न्हाई," ती म्हणाली. "तार मेली असं कुनी सांगितलं म्हनून धरायची नसती. आपन सोता मारायची, मगच धरायची."

पहाटे चारला तिचा दिवस सुरू व्हायचा. दोन गाईंचं शेण-दूध, भाकऱ्या, आठ वर्षांच्या सईची वेणी, सईला शाळेत सोडणं, मग आमच्याकडं. सासूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हातारीला चुलीपुढचं धड दिसत नव्हतं, म्हणून दिवसभर फोन. मीठ कुठं ठेवलंय, गाय सुटली का बघ, दारात कोण आलंय. खांबावर असताना फोन घ्यायचा नाही हा मंगलताईचा नियम. फोन खाली नानांकडं असायचा. नाना आमचे जुने मदतनीस, गुडघे गेल्यामुळं चढत नसत. ते खालूनच ओरडून सांगायचे आणि ती वरून ओरडून उत्तर द्यायची, "उजव्या फळीवर, लोणच्याच्या बरनीमागं!" रस्त्यानं जाणारी माणसं हसायची.

"घरी आसले की लाईन वढती, लाईनीवर आसले की घर वढतंय," ती म्हणायची. "दोनी खांब पक्कं हायती गं. मधल्या तारंचं काय?"

त्या वर्षी आमच्याकडच्या दुसऱ्या तंत्रज्ञाची बदली झाली आणि त्याची जागा भरली गेली नाही. दोघांची गावं एकट्या मंगलताईकडं आली. नवरा नेहमीसारखा ऊसतोडीला गेलेला. डिसेंबरात मला एकेक गोष्ट दिसायला लागली. तिनं चहात साखरेऐवजी मीठ टाकलं आणि निम्मा पिऊन झाल्यावर तिला कळलं. एकदा हातमोजे विसरून गेली, अर्ध्या वाटेतून परत आली. एकदा माझ्यासमोर बोलता बोलता उभ्यानंच डोळे मिटले. मी हात धरला तेव्हा दचकून म्हणाली, "भाकरी करपली का?"

आणि एक दिवस ती सईला शाळेतून आणायचंच विसरली. कामं संपेनात, ती एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जात राहिली. अंधार पडायला लागला तेव्हा शिक्षिकेनं पोरीला स्वतःच्या गाडीवर घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मंगलताई डबा उघडून नुसती बसली आणि म्हणाली, "पोरगी रडली न्हाई गं. मला म्हनली, आई, मला वाटलं आज तू येनार न्हाईस. रडली असती तर बरं झालं असतं."

त्याच दिवशी तिनं रजेचा अर्ज लिहिला. एकच दिवस. "सासूला नगरला डोळ्याच्या डाक्टरला दाखवते आन येताना येष्टीत झोपते," असं मला म्हणाली. अर्ज मीच साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब काही वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बघू. तिच्या जागी पाठवायला माणूस नाही." पुढच्या आठवड्यात मी पुन्हा विचारलं, तेव्हाही माणूस नव्हता. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही.

जानेवारीतली सकाळ होती. एका वस्तीजवळ तार तुटल्याचा फोन आला. मी लाईन बंद केली, परमिट लिहिलं. नियमाप्रमाणं मंगलताईनं त्याचा नंबर वाचून दाखवला, तो चुकला. मी दुरुस्त केला, तिनं पुन्हा वाचला, बरोबर वाचला. ती आणि नाना गाडीवर बसून गेले. सई तापानं फणफणलेली होती, तरी शाळेत गेली होती, कारण घरी तिच्याकडं बघणारं डोळस माणूस नव्हतं.

अकराच्या सुमाराला नानांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"वैशालीताई, तुमी लाईन चालू केली का?"

"नाही नाना."

"खरं सांगा."

मी पॅनेलकडं पाहिलं. स्विच बंद होता, त्याच्यावर लाल पाटी लटकत होती. "नाही हो नाना. बंदच आहे."

"मग मंगलला कशानं धरलं?"

नंतर सगळं कळलं. शेजारच्या पोल्ट्रीवाल्यानं वीज गेली म्हणून जनरेटर लावला होता. त्याची वीज रोहित्रातून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून, उलटी फिरून आमच्या तारेत चढली होती. असं होऊ शकतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं. म्हणून तर रॉड. त्या दिवशी रॉड गाडीलाच बांधलेला राहिला. ती चढायच्या आधी शाळेतून फोन आला होता, पोरीचा ताप वाढलाय, न्यायला या. "धा मिंटात उरकते आन जाते," असं म्हणून ती चढली. नाना म्हणाले, "मला रॉड दिसत हुता. मी बोललो न्हाई. तिची घाई बघून बोललो न्हाई."

खणातला रुमाल मी दवाखान्यात तिच्या नवऱ्याच्या हातात दिला. तो कर्नाटकातून रातोरात आला होता. त्यानं गाठ सोडून आत पाहिलं आणि पुन्हा बांधली. सासू बाहेरच्या बाकावर सईला धरून बसली होती. मला आवाजावरून ओळखून म्हणाली, "मी लई फोन करायचे गं तिला. लई."

तिसऱ्या दिवशी मला आत सोडलं. दोन्ही हात खांद्यापर्यंत पट्ट्यांत होते, चेहरा मात्र जसाच्या तसा. ती शुद्धीवर होती.

"चौकशी व्हईल," ती म्हणाली. "तुला इचारतील."

"मी सांगेन, रॉड लावला होता. नानाही तेच सांगतील. आमचं ठरलंय."

"न्हाई." तिनं डोळे मिटले, परत उघडले. "रॉड मी लावला न्हाई. तसंच लिही. उद्या दुसरं कुनी चढंल, त्याला वाटंल रॉड लावून बी मरतंय मानूस. मग कोन लावील?"

मी रडायला लागले. ती हळू म्हणाली, "पन मी रजा मागितली हुती, ते बी लिही. दोनी लिही. एकच लिहिलंस तर ते खोटं हुईल."

नवव्या दिवशी ती गेली.

चौकशीत मी दोन्ही लिहिलं. साहेबांनी कागद वाचला आणि पहिल्या वाक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "पहिलं वाक्य पुरेसं आहे. दुसऱ्याचा अपघाताशी काय संबंध?"

"पहिलं राहणार असेल तर दुसरंही राहील, साहेब."

"तो अर्ज फायलीत नाही."

"मी तुमच्या टेबलावर ठेवला होता. मी तसंही लिहिते."

मी तिसरं वाक्य लिहिलं आणि सही केली. त्यांनी कागद घेतला, माझ्याकडं पाहिलं नाही. त्या कागदाचं पुढं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. माझी बदली झाली नाही, मला शिक्षाही झाली नाही. मंगलताईचा नवरा आता ऊसतोडीला जात नाही. म्हातारीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. सईला शाळेतून तो स्वतः आणतो, शाळा सुटायच्या अर्धा तास आधीच फाटकाशी जाऊन उभा राहतो.

तेराव्याच्या आतच मंगलताईच्या जागेवर माणसं आली. दोन आली. मंगलताई असताना एका दिवसासाठी एक मिळत नव्हतं.