गाठीची टोकं

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या कॉलेजनं पाच दिवसांचं पायी भटकंतीचं शिबिर काढलं. नागपूरहून रामटेकपर्यंत एस.टी., पुढं डोंगरातून चालत. परवानगी घ्यायला मी खाप्याला घरी गेलो, तेव्हा बाबा मागावर बसले होते. हातातलं विणकाम न थांबवता त्यांनी ऐकून घेतलं.

"तिकडं मोटार नाही जात का गा?"

"जाते."

"मंग पायी काहून जाऊन राहिले तुम्ही?"

"शिकायला, बाबा."

"काय, चालाले?"

मी म्हणालो, प्रमाणपत्र मिळते, नोकरीच्या अर्जाला जोडता येते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबांनी धोटा थांबवला. "जाय मंग," म्हणाले.

पहिल्याच दिवशी शिबिर घेणाऱ्या सरांनी बजावलं, "ज्याच्या चुकीनं दुसरा धोक्यात येईल, त्याला प्रमाणपत्र नाही." झालं, तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागेना. नकाशावरच्या तपकिरी रेघा म्हणजे डोंगराची उंची, हे ऐकलं. पण सपाट कागदावरची रेघ उंच कशी, ते काही केल्या कळेना. होकायंत्र हातात आलं की मी स्वतःच गोल फिरायचो. बाकीची मुलं माना हलवायची, म्हणून मीही हलवायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाठी शिकवल्या. एक जाड दोर, एक बारीक, दोन्ही जोडायचे. सरांनी इंग्रजीतलं नाव सांगितलं, ते मी लिहून घ्यायच्या आधीच विसरलो. पण दोर हातात आला आणि सरांचं दाखवून व्हायच्या आत माझी गाठ तयार होती. मागावरचा तुटलेला ताणा, म्हणजे उभा धागा, जोडायची आमची रोजची गाठ! लहानपणापासून हजारदा मारलेली.

"कुठं शिकलास रे?" सरांनी विचारलं.

"असंच, सर." माग सांगायची मला लाज वाटली. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी वाटेत नाला लागला. पाणी कमरेएवढं. एक दोर पलीकडच्या झाडापर्यंत पुरेना, म्हणून सरांनी दोन दोर जोडायचं काम मला दिलं. मी गाठ मारली, आवळली, आणि खिशातल्या ब्लेडनं दोन्ही टोकं गाठीलगत कापून टाकली. गाठ छान, गुळगुळीत दिसत होती.

माझा वसतिगृहातल्या खोलीतला सोबती पाठीवर कणकेची पिशवी घेऊन दोर धरत निघाला. मध्यावर त्यानं भार टाकला आणि गाठ सुटली. तो पाण्यात बसला, कणीक त्याच्यासकट. दोघांनी त्याला ओढून काढलं.

"टोकं कोणी कापली?" सर ओरडले.

"मी, सर. टोक राहिलं तर अडकते."

"कशात?"

"मागाच्या फणीत. तिच्यातून एकेक धागा जातो, सर. आमच्या घरी माग आहे."

मग तो ओला सोबतीच म्हणाला, "अबे, इथं कोण लुगडं विणून राहिलं?"

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी दोर माझ्यापुढं टाकला. "पुन्हा बांध. टोकं वीतभर ठेव. दोराला ओढ बसते, तेव्हा तेवढं टोक लागतं." मी बांधली. टोकं लोंबत राहिली, हात सारखा खिशाकडं जात होता. सर आधी स्वतः तो दोर धरून पलीकडं गेले, मग मला बोलावलं. प्रमाणपत्राचं काय, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. त्या रात्री आम्ही भिजलेल्या कणकेच्या जाड पोळ्या खाल्ल्या आणि शिव्या मी खाल्ल्या.

शेवटच्या दिवशी सरांनी सगळ्यांना प्रमाणपत्रं दिली, मलाही. नंतरची गाठ टिकली म्हणून असावं. हातात ठेवताना ते एवढंच म्हणाले, "घरी विचारून ये, टोक कापूनही तिथं गाठ टिकते कशी."

खाप्याला गेल्यावर बाबांनी प्रमाणपत्र दोन्ही हातांत धरून पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं. मग म्हणाले, "काय शिकला, दाखव."

मी दोन सुतं घेऊन गाठ मारली, सरांनी सांगितल्यासारखी, टोकं लांब ठेवून. बाबांनी ती निरखली, ब्लेड घेतलं आणि टोकं उडवली.

"पाच दिवसांत इतकंही विसरला का गा?"

मी सरांचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं. पण बाबांनी तोवर माग सुरू केला होता, आणि त्या खडखडाटात माझं बोलणं त्यांना ऐकू गेलं नाही.